पडद्यावरील डॉक्टर आणि आपल्या मुलखाचे आकडे

ट्रस्टच्या महोत्सवी स्मरणिकेसाठी आरोग्याच्या विषयावर काही अभ्यासपर लिहावे, अशी चिटणीसांनी आम्हांस सूचना केली. आम्ही पेशाने शिक्षक; डॉक्टर नव्हे. कोणत्या रोगावर कोणते औषध हे आम्ही सांगू लागलो तर ती आगळीक होईल. परंतु मुलांना गणित शिकविण्यात आमची वीसेक वर्षे गेली आहेत, आणि हल्ली आरोग्याच्या क्षेत्रात आकड्यांचा जो सुकाळ झाला आहे तो वाचावा कसा, एवढे मात्र घरच्या माणसांस समजेल अशा रीतीने सांगता येईल असे वाटते. विषय मुद्दाम जवळचा घेतला आहे. आपल्या लालबर्रा तहसिलीतील एखाद्या खेड्यातील बाई उपकेंद्रात जाते, तेथील ताई तिला पडद्यासमोर बसवितात, आणि दूर कोठेतरी बसलेला डॉक्टर तिच्याशी बोलून औषध लिहून देतो. ह्या सोयीने त्या बाईचे खरोखर भले होते काय, आणि होत असेल तर ते आपणांस कळावे कसे?

प्रश्न केवळ पुस्तकी नाही. ट्रस्टच्या वैद्यकीय मदत निधीतून अशीच एक पडद्याची खोली उभारावी, असे काही सभासदांचे म्हणणे आहे. त्यापेक्षा गोंदियापर्यंत रोगी नेणारी एक गाडी घ्यावी, असे दुसऱ्यांचे. दोन्ही पक्षांची तळमळ खरी आहे. वाद मात्र आजवर केवळ अंदाजावर चालला आहे.

प्रथम ही सोय म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. २०१८ साली केंद्र सरकारने उपकेंद्रांचे व प्राथमिक आरोग्य केंद्रांचे रूप पालटून त्यांना आरोग्य व निरामयता केंद्र असे नाव दिले. २०२३ च्या अखेरीस तेच नाव बदलून आयुष्मान आरोग्य मंदिर झाले. नोव्हेंबर २०१९ पासून ह्या केंद्रांतून ई-संजीवनी ही दूरसल्ल्याची व्यवस्था सुरू झाली. मोहालीच्या सी-डॅक ह्या सरकारी संस्थेने ती तयार केली आहे. चाकाच्या आऱ्यांप्रमाणे अनेक खेड्यांतील केंद्रे एका मध्यवर्ती ठिकाणच्या डॉक्टरांस जोडलेली असतात. पुढे टाळेबंदीच्या काळात, एप्रिल २०२० मध्ये, रोग्याने घरबसल्या आपल्या मोबाइलवरून डॉक्टरांस विचारण्याची दुसरी शाखा निघाली. फेब्रुवारी २०२३ मध्ये ह्या व्यवस्थेतील सल्ल्यांची संख्या दहा कोटींवर गेली.

दहा कोटी हा आकडा कानावर पडला की माणूस दिपून जातो. आम्हीही तो वाचला तेव्हा बरे वाटले. परंतु शिक्षकाची खोड अशी की दुसऱ्या क्षणी मनात येते, हे दहा कोटी कशाचे? रोग्यांचे नव्हे, सल्ल्यांचे. एकाच माणसाने चार वेळा विचारले तर तेथे चार मोजले जातात. विचारल्यावर गोळी मिळाली की नाही, मिळाली ती घेतली की नाही, आणि घेऊन बरे वाटले की नाही, ह्यांपैकी काहीच त्या आकड्यात नाही. ज्या बाईचा कॉल लागलाच नाही, रेंज गेली आणि ती तशीच घरी परतली, ती तर कोणत्याच रकान्यात नाही.

हे शाळेच्या उदाहरणाने सोपे होईल. समजा, एका वर्गाच्या पटावर ४० मुले आहेत. त्यांपैकी ३० परीक्षेस बसली व २७ उत्तीर्ण झाली. मुख्याध्यापक फळ्यावर लिहितात, निकाल ९० टक्के. गणित बरोबर आहे. परंतु ४० मुलांच्या मानाने पाहिले तर निकाल साडेसदुसष्ट टक्केच होतो; आणि जी दहा मुले शेतावर किंवा मजुरीवर गेली, तीच तर आमच्या काळजीची. वरचा आकडा तोच, खालचा बदलला की अर्थ बदलतो. आरोग्याच्या आकड्यांत हा खालचा आकडा, म्हणजे छेद, हाच बहुधा दुबळा असतो. २०२१ साली व्हावयाची जनगणना पुढे ढकलली गेल्यामुळे गावात माणसे किती, हे सांगावयास दीर्घ काळ २०११ च्या मोजणीवरून बांधलेल्या अंदाजावरच भागवावे लागले.

मग आपल्याजवळ आकडे आहेत तरी कोणते? एक म्हणजे सरकारी दवाखान्यांनी दर महिन्यास भरावयाचे तक्ते. २००८ सालापासून ते संगणकावर जातात आणि जिल्ह्याजिल्ह्याचे एकत्र पाहता येतात. किती गरोदर स्त्रियांची नोंद झाली, किती बाळंतपणे झाली, किती मुलांना लसी टोचल्या, अशा बेरजा त्यांत असतात. त्या बेरजा आहेत, माणसे नाहीत. एका बाईचा प्रवास पहिल्या तपासणीपासून बाळंतपणापर्यंत त्यांतून दिसत नाही. दुसरे, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी. तीत घरोघर जाऊन निवडक कुटुंबांस प्रश्न विचारतात, म्हणून दवाखान्याची पायरी न चढलेली माणसेही सापडतात. तिसरे, २०२१ साली देशभर आरंभलेले डिजिटल आरोग्य अभियान. त्यात प्रत्येकास १४ अंकी आभा क्रमांक मिळतो आणि निरनिराळ्या दवाखान्यांतील कागद त्या एका क्रमांकाशी जोडता येतात. जोडता येतात, असे म्हटले. जोडले जातातच असे नव्हे.

कुटुंब पाहणीची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ ह्या काळात झाली. तीत स्त्रियांस एक साधा प्रश्न होता: तुम्ही स्वतः वापरता असा मोबाइल तुमच्याजवळ आहे काय? देशात निम्म्याहून थोड्या अधिक, म्हणजे सुमारे ५४ टक्के स्त्रिया होय म्हणाल्या. आपल्या मध्य प्रदेशात हे प्रमाण ३८.५ टक्के होते. ह्या एका आकड्यावरून पुष्कळ काही उमगते. घरबसल्या मोबाइलवरून डॉक्टर, ही कल्पना कितीही सुरेख असली तरी आपल्याकडील बहुसंख्य स्त्रियांच्या हातात ते साधन त्या वेळी नव्हते. ते नवऱ्याच्या नाहीतर मुलाच्या खिशात होते. दुखणे सांगावयाचे तर आधी फोन मागावा लागे, आणि काही दुखणी अशी असतात की ती मुलापुढे बोलता येत नाहीत. उपकेंद्रातील पडद्याचे महत्त्व येथे आहे. तेथे फोन केंद्राचा, आणि शेजारी बाईमाणूस. २०२३ साली सरकारने प्रसिद्ध केलेल्या माहितीप्रमाणे ई-संजीवनीचा लाभ घेणाऱ्यांत ५७ टक्क्यांहून अधिक स्त्रिया होत्या. हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहिले म्हणजे केंद्राच्या खोलीचे मोल कळते. एकएकटे वाचले तर कळत नाही.

आता एखादी सोय उपयोगी आहे हे सिद्ध कसे करावे, ह्याचा उत्तम धडा आपल्याच वैनगंगेच्या काठी मिळतो. ही नदी शिवनी जिल्ह्यात उगम पावून आपल्या बालाघाटातून गोंदिया-भंडाऱ्याकडे आणि पुढे गडचिरोलीकडे जाते. त्या गडचिरोलीत डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग ह्यांच्या सर्च संस्थेने नवजात बालकांच्या मृत्यूंचा अभ्यास केला. १९९३ साली त्यांनी दोन क्षेत्रे घेतली: एकात ३९ गावे, दुसऱ्यात ४७. दोन्हीकडे प्रत्येक जन्म व प्रत्येक बालमृत्यू नोंदण्याची व्यवस्था केली, मग तो दवाखान्यात होवो की झोपडीत. आरंभी दोन्ही क्षेत्रांत हजार जिवंत जन्मांमागे सुमारे साठ बालके पहिल्या महिन्यातच दगावत होती. नंतर १९९५ पासून ३९ गावांत गावच्याच शिकविलेल्या स्त्रिया घरी जाऊन बाळाचे वजन घेऊ लागल्या, ऊब कशी द्यावी ते आईस सांगू लागल्या, जंतुसंसर्गाची चिन्हे दिसताच उपचार करू लागल्या. ४७ गावांत नेहमीची सरकारी सेवा चालू राहिली. तिसऱ्या वर्षी पहिल्या क्षेत्रातील मृत्यू हजारी २५.५ वर आले. दुसऱ्या क्षेत्रात ते ५९.६ च राहिले. १९९९ साली लॅन्सेट ह्या इंग्लंडच्या वैद्यक-पत्रिकेत हे प्रसिद्ध झाले, आणि २०११ पासून देशभरच्या आशा कार्यकर्त्या नवजात बालकांसाठी ज्या घरभेटी देतात त्यांमागे हाच अनुभव आहे.

ह्यात आमच्या विद्यार्थ्यांस आम्ही ४७ गावांकडे लक्ष देण्यास सांगतो. सर्वांचे डोळे ३९ गावांवर जातात, कारण यश तेथे आहे. परंतु ती ४७ गावे नसती तर कोणीही म्हणू शकला असता की रस्ते झाले, पाऊसपाणी बरे झाले, म्हणून मुले जगली. पडद्यावरील डॉक्टराच्या बाबतीत तर ही अडचण अधिक. जेथे वीज आहे, रेंज आहे, सडक आहे, तेथे पडदा आधी पोहोचतो. आणि अशा गावांची प्रकृती आधीपासूनच थोडी बरी असते. मग पडदा असलेले गाव आणि नसलेले गाव अशी सरळ तुलना केली तर श्रेय भलत्यासच जाईल. सारख्यास सारखे गाव लावावे लागते. पावसाळ्यानंतरच्या महिन्यांची तुलना उन्हाळ्याशी करून चालत नाही, हे तर हिवतापाच्या आपल्या मुलखात कोणास सांगावयास नको.

हिवतापावरून आठवले, ह्या बाबतीत आपला शेजारी मंडला जिल्हा पुढे गेला आहे. २०१७ साली तेथे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, राज्य सरकार आणि एका औषध कंपनीने स्थापिलेली ना-नफा संस्था ह्यांनी मिळून हिवताप निर्मूलनाचा एक पथदर्शी प्रकल्प घेतला. जिल्ह्यातील १,२३३ गावे त्यात होती. गावोगाव फिरणारे कार्यकर्ते तापाचा रोगी शोधत, रक्त तपासत, औषध देत आणि पुन्हा जाऊन तो बरा झाला की नाही ते पाहात. ह्या कामाच्या नोंदीसाठी सोच नावाचे मोबाइल अॅप तयार केले गेले, म्हणजे कोणत्या गावी ताप वाढतो आहे हे महिन्याची बेरीज येईपर्यंत थांबावे न लागता कळावे. जून २०१७ पासून मे २०२० पर्यंत तेथील स्थानिक हिवतापाचे रोगी ९१ टक्क्यांनी घटले.

अॅपने हिवताप पळविला असे मात्र कोणी समजू नये. हिवताप पळविला तो पायी फिरणाऱ्या माणसांनी, गोळ्यांनी, मच्छरदाण्यांनी आणि फवारणीने. अॅपने केले ते इतकेच की कोणी कोठे आधी जावे हे सांगितले. आणखी एक शब्द वर मुद्दाम लिहिला आहे: स्थानिक. रोगी आपल्या गावीच आजारी पडला की बाहेरगावी मजुरीस जाऊन ताप घेऊन आला, हे विचारल्याशिवाय हा शब्द लिहिता येत नाही. माणूस कोठून आला ही नोंद नसती तर तो ९१ चा आकडाच निघाला नसता.

येथे आपल्या बालाघाटचा खरा पेच येतो. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आपण आणि नागपूर एकाच राज्यात होतो. नागपूर आपली राजधानी होती. त्या दिवशी नकाशावर रेघ आली. रोगी मनुष्याने मात्र ती रेघ कधी मनावर घेतली नाही. दुखणे वाढले की गोंदियाची गाडी, त्याहून वाढले की नागपूर. गोंदियास २०१६ साली सरकारी वैद्यकीय महाविद्यालय झाले, नागपुरास २०१८ साली एम्स आले, आणि ही वाट अधिकच रुळली. आजारी माणसाने जवळचा चांगला दवाखाना गाठावा ह्यात गैर काही नाही. परंतु त्याचा कागद महाराष्ट्राच्या दप्तरात पडतो आणि आपल्या जिल्ह्याच्या तक्त्यात तो मनुष्य दिसेनासा होतो.

आमच्या वस्तीतील एका वृद्ध चाचींचे उदाहरण घ्या. साखरेचा आजार आहे. वर्षभरात त्यांनी उपकेंद्राच्या पडद्यावर चार वेळा डॉक्टरांचा सल्ला घेतला, मधल्या काळात एका खासगी डॉक्टरांकडे गेल्या, आणि पायाची जखम चिघळली तेव्हा मुलांनी गोंदियास नेले. ई-संजीवनीच्या हिशेबी हे चार सल्ले झाले. गोंदियात त्या नवीन रोगी. खासगी डॉक्टरांच्या वहीत नुसते नाव व फी. केवळ पहिले दप्तर पाहणारा अभ्यासक म्हणेल, चार वेळा आल्या, पुढे आल्या नाहीत, म्हणजे बऱ्या झाल्या असाव्यात. चाचींचा पाय कोणालाच दिसला नाही. आणि म्हणून त्या चार सल्ल्यांत जखमेकडे कोणी पाहावयास हवे होते काय, हा प्रश्नही कोणी विचारला नाही. त्यांचे आभा कार्ड ट्रंकेत आहे.

असा पेच आपल्याच नशिबी आला असेही नाही. युरोपात स्वीडन देश आहे. तेथे २१ प्रांतिक विभाग आपापल्या रहिवाशांच्या उपचाराचा खर्च देतात, आणि १९४७ पासून प्रत्येक माणसास जन्मभराचा एक क्रमांक आहे. साधारण २०१६ पासून तेथे मोबाइलवरून डॉक्टर देणाऱ्या खासगी कंपन्या निघाल्या. त्यांनी येनकोपिंग नावाच्या एका विभागातील आरोग्य केंद्राशी करार करून काम चालविले. रोगी राजधानी स्टॉकहोमचा असो की दक्षिणेकडील माल्मोचा, भेट नोंदली जाई ती येनकोपिंगच्या दप्तरात, आणि पैसे मागितले जात रोग्याच्या स्वतःच्या विभागाकडे. आता जर कोणी केवळ येनकोपिंगचे दप्तर उघडले असते तर त्यास वाटले असते की तेथील लोक भलतेच आजारी पडू लागले! परंतु त्या देशात क्रमांक एकच असल्यामुळे रोग्याच्या राहत्या विभागाच्या दप्तरातून अभ्यासकांस पाहता आले की पडद्यावर डॉक्टरांस भेटणारे कोण, आणि नंतर ते साध्या दवाखान्यात गेले की नाही. दिसले असे की वापरणारे बहुधा तरुण, शहरातले आणि बऱ्या मिळकतीचे. ज्यांस दवाखाना दूर पडतो त्यांच्यासाठी काढलेली सोय दवाखाना जवळ असणाऱ्यांनीच अधिक वापरली. आपल्याकडे उपकेंद्राच्या मार्गाने चित्र वेगळे होण्यास वाव आहे, हे वर पाहिलेच. पण ‘वाव आहे’ आणि ‘झाले आहे’ ह्यांत अंतर आहे, आणि ते अंतर मोजावयास रोग्याच्या राहत्या गावावरून हिशेब करावा लागेल. दवाखाना कोठे आहे त्यावरून नव्हे.

मृत्यूच्या नोंदीची गोष्ट तर याहून कठीण. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ सालचा आहे. तरीही २०२० साली देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी केवळ साडेबावीस टक्क्यांच्या सुमारास मृत्यूंचे कारण डॉक्टरांनी प्रमाणित केलेले होते. बाकीचे माणूस गेला एवढेच सांगतात. कशाने गेला ते नाही.

ह्यावर कोणी म्हणेल, मग सर्वांच्या सर्व नोंदी एकत्र करा, म्हणजे झाले. आम्हांस त्यात एक धोका दिसतो. नाव काढून टाकले म्हणजे माणूस ओळखू येत नाही, हे शहरात खरे असेल. वीस घरांच्या टोल्यात ‘स्त्री, वय ३४, क्षयरोग’ एवढे लिहिले की गावास नाव सांगण्याची गरज उरत नाही. सिकलसेलचे तसेच. १ जुलै २०२३ रोजी आपल्याच राज्यातील शहडोल येथून त्या रोगाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, तपासणी होते आहे, ते फार इष्ट आहे. परंतु मुलीच्या सोयरिकीच्या वेळी तो कागद कोणाच्या हाती पडावा, हा विचार तपासणाऱ्याने आधी केला पाहिजे. २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदा संमत झाला आहे. कायदा आपल्या जागी. लिहिणाऱ्याची जीभ व वही बंद राहणे हे त्याच्याही आधीचे. एकदा का घरातील गोष्ट चव्हाट्यावर गेली की पुढच्या वेळी ती बाई उपकेंद्रात येणार नाही, आणि आपला तक्ता मग पुन्हा निरोगी दिसू लागेल.

आता ट्रस्टपुढील प्रश्नाकडे येतो. पडदा की गाडी, ह्यावर आम्ही आजच मत देत नाही, कारण देण्याजोगी सामग्री आपल्यापाशी नाही. मदत निधीच्या वहीत सध्या तारीख, नाव व रक्कम एवढे तीनच रकाने आहेत. त्यावरून निधी किती खर्चला हे कळते. रोग्याचे काय झाले हे कळत नाही. आमची सूचना अशी की येत्या मोहरमपासून, नाहीतर सोयीचे असेल तर १ एप्रिलपासून, एक वर्षभर दुसरी वही ठेवावी. तीत नाव लिहू नये, क्रमांक लिहावा. क्रमांक कोणाचा ते केवळ चिटणीसांच्या कुलपातील यादीत असावे. रोगी राहतो कोठे. आधी कोणाकडे गेला, पडद्यावर, खासगीत की कोणाकडेच नाही. पडद्यावर गेला असल्यास कॉल लागला काय. लिहून दिलेले औषध तेथेच मिळाले की बाजारातून घ्यावे लागले. शेवटी गोंदियास किंवा नागपुरास जावे लागले काय, आणि जावे लागले तर आजारपणाच्या कितव्या दिवशी. एका महिन्याने विचारले तेव्हा प्रकृती कशी होती. मदत मागावयास न आलेल्यांसाठी प्रत्येक मोहल्ल्यातील दहा-बारा घरे चिठ्ठ्या टाकून निवडावीत आणि तीन महिन्यांनी एकदा तेथे जाऊन हेच विचारावे, कारण वही केवळ आलेल्यांचीच राहिली तर आमच्या त्या ९० टक्के निकालासारखी होईल. घरी जाण्यास आपल्या भगिनींपैकी कोणी पुढे येतील तर फार बरे. पुरुष दारात उभा राहिला तर उत्तरेही दारातलीच मिळतात.

वर्षअखेर जर असे दिसले की पुष्कळसे रोगी साध्या तापाखोकल्यासाठी किंवा रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी भाडे खर्चून गोंदियास गेले, तर पडद्याच्या खोलीचे म्हणणाऱ्यांचे पारडे जड होईल. उलट, पडद्यावरील डॉक्टरांनीच पुढे जा म्हणून सांगितले आणि गाडीवाचून चार-चार दिवस गेले असे निघाले, तर गाडी. रकाने आखण्याचे काम नववीच्या वर्गातील मुलांकडून करून घेण्यास आम्ही तयार आहोत. भरण्याचे काम मात्र त्यांच्याकडे देऊ नये. वहीचा नमुना चिटणीसांकडे दिला आहे, सभासदांनी तो पाहून आणखी कोणता रकाना हवा ते वार्षिक सभेपूर्वी कळवावे.